उलट्या बाजूला कललेल्या रेषा

तराजूबाईनं लेकीची वर्णी लावली, असं आमच्या भागात अजून बोललं जातं. टायरच्या गोदामावर आमचा लांबट हॉल आहे. पोराचं नाव घालायला जिना चढून येणारे नवे आईबापसुद्धा हे कुठून तरी ऐकूनच येतात. असं काही कानावर पडलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं लेकीची वर्णी लावली नाही. तिनं जे केलं ते त्याहून वाईट होतं. निंदा करायचीच तर निदान खऱ्या गोष्टीची करावी, म्हणून मी हे लिहिते आहे.

मी त्या हॉलमध्ये पोरांना नाटकाचे कपडे शिवायला शिकवते. ती चित्रकला शिकवायची. संध्याकाळी आजूबाजूच्या इमारतींमधली शाळा-कॉलेजची पोरं येतात. फी नाही, परीक्षा नाही. खालून रबराचा वास येतो, वर पोरं दंगा करतात, रंग सांडतात, एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि मधून मधून थोडं शिकतात. एका टोकाला माझी शिलाई मशिनं, दुसऱ्या टोकाला तिचे चित्रांचे घोडे, कागद टेकवायच्या लाकडी चौकटी. मध्ये पडदा नाही, त्यामुळे तिचं सगळं मला दिसायचं आणि माझं सगळं तिला ऐकू जायचं. माझा आवाज तसा मोठाच आहे.

तराजूबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. खडू वाटताना ती तुकड्यांची लांबी बघायची. बिस्किटाचे दोन भाग करायचे झाले तर पोरं मुद्दाम तिच्याकडे न्यायची आणि मागं उभी राहून हसायची. उशिरा येणाऱ्यानं पहिली सुट्टी होईपर्यंत जिन्यावर थांबायचं, हा तिचा नियम. एकदा तिचीच बस चुकली. ती आली आणि खुशाल जिन्यावर बसून राहिली. वर वर्ग रिकामा आणि मास्तरीण पायरीवर! मी वरून ओरडले, "अगं, पुरे झाला तमाशा, ये वर." ती म्हणाली, "सुट्टी झाली की येते." असल्या माणसापुढं डोकं आपटून काय होणार?

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. हिच्या घरी सगळं उलटं. नवरा लेक लहान असतानाच गेलेला, घरात दोघीच. लेक मोठी झाली तशी तीही आमच्या वर्गात यायला लागली. शांत, डावखुरी, आईसारखंच नाक आणि आईसारखीच हट्टी. नवे ब्रश आले की सगळ्यांना वाटून झाल्यावर केस झडलेला शेवटचा ब्रश लेकीचा. चांगलं चित्र काढलं तरी भिंतीवर तिचं लागायचं नाही. मी भांडले आहे तिच्याशी. म्हटलं, "तुझ्या पोटी जन्माला आली हे काय तिनं पाप केलं?" ती म्हणाली, "लोक बघत असतात." मी म्हटलं, "तीही बघत असते." ती पेन्सिलींना टोक करत बसली.

पण तिच्या कामाला मात्र मी नावं ठेवणार नाही. चित्र शिकवून मोकळी होणारी ती नव्हती. हे पोर पुढं काय करणार, पोट कशावर भरणार, हा किडा तिच्या डोक्यात कायम वळवळायचा. दर शनिवारी दुपारी ती पोरांना घेऊन निघायची, छापखान्यात, फर्निचरवाल्याकडे, इस्पितळाच्या मागं कृत्रिम पाय बनवतात तिथं. मातीत हात चांगला बसलेल्या एका पोराला तिनं दातांच्या कवळ्या करणाऱ्याकडे नेऊन बसवलं. पोराचा बाप आधी खवळला होता, की कलाकार होणार म्हणून धाडला आणि दात घासायला लावला. आज त्या पोराचं स्वतःचं दुकान आहे आणि अर्धा भाग त्याच्या दातांनी हसतो. भसाड्या आवाजाची एक पोरगी रंगात नुसती लडबडायची. तिला तिनं बस स्थानकावर घोषणा करायच्या कामाला चिकटवून दिली. कुणाला काय जमेल हे तिला पोरांच्या आधी कळायचं. म्हणून लोक तिचा शब्द मानायचे.

सगळ्यांत मोठी जागा होती ती नेपथ्याच्या कारखान्यातली. शहरातल्या नाटकांचे आणि प्रदर्शनांचे देखावे तिथं तयार होतात. कारखानदार दरवर्षी आमच्याकडून एकच पोर घ्यायचे, पगार द्यायचे आणि पुढच्या शिक्षणाचा खर्चही करायचे. त्यांची अट एकच, की निवड बाईंनी करायची. म्हणायचे, मला बाईंच्या नजरेवर भरवसा आहे. नजरेवर कुणी शंका घेऊ नये म्हणून तिनं स्वतःच पद्धत घालून दिली होती. सगळ्यांनी एकच वस्तू बघून चित्र काढायचं, नाव मागच्या बाजूला. चित्रं दोरीवर टांगायची आणि सगळ्यांसमोर ती एकेक काढून घ्यायची. शेवटी उरलेलं चित्र निवडलेलं. ते उलटून नाव वाचायचं. एकदा उलटल्यावर बदल नाही.

त्या वर्षी वर्गात दोनच पोरी अशा होत्या की ज्यांच्याकडे बघून काम थांबावं. एक तराजूबाईची लेक. दुसरी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची थोरली. तिला आम्ही सगळे थोरलीच म्हणायचो. दोघींची गट्टी होती, एका घोड्यापाशी दोघी बसायच्या. थोरली दुपारभर बापाच्या दुकानात उभी राहून कपडे घडी करायची, इस्त्री फिरवायची आणि संध्याकाळी येऊन कागदावर तुटून पडायची. घरी तिच्या शिकण्याला सगळ्यांचा विरोध होता. आजोबा म्हणायचे, चित्रं काढून कुणाचं घर चाललंय? बाप मात्र मऊ होता. तो एकदा वर आला, चपला जिन्यात काढून, आणि तराजूबाईला म्हणाला, "बाई, मला यातलं कळत नाही. पण तुमच्या हातून निवड झाली तर मी घरी सगळ्यांशी भांडेन आणि पोरीला पाठवेन. नाही झाली तर ती दुकानात उभी राहील. दुसऱ्या टेबलाला माणूस लागतोच आहे." थोरली मागं उभी राहून ऐकत होती. तिचं सगळं त्या एका चित्रावर होतं, हे आम्हा सगळ्यांनाच कळलं.

लेकीलाही ती जागा हवी होती, फक्त तोंडातून काढत नव्हती. आम्ही कारखाना बघायला गेलो तेव्हा एका नाटकासाठी केलेल्या वीतभर जिन्यावर ती बोटांनी पायऱ्या चढत बसली होती. तिला हाक मारून मारून माझा घसा दुखला.

मी तराजूबाईला सांगितलं, "या वर्षी तू बाजूला हो. दुसऱ्या कुणाला तरी बोलाव."

"का? नावं झाकलेली असतात."

"तुझी लेक आहे त्यात."

"म्हणूनच मी हलणार नाही," ती म्हणाली. "हलले तर लोक म्हणतील, इतकी वर्षंही असंच काहीतरी होत असणार." न्यायीपणाचासुद्धा माज येतो माणसाला, तो हा असा. तेव्हा मी हे तिला तोंडावर म्हटलं होतं, आज पाठीमागं म्हणते आहे असं नाही.

निवडीच्या आधी दोन-तीन दिवस थोरलीचा उजवा हात भाजला. इस्त्री निसटली आणि ती धरायला गेली. तळव्याच्या कडेला, करंगळीखाली, मोठा फोड आला आणि बापानं पट्टी बांधून दिली. तराजूबाईनं तो हात बघितला. तिचा चेहरा पडला. मला हळूच म्हणाली, "संपलं गं. हात टेकवताच येणार नाही तिला." त्या दिवसापासून तिनं मनातल्या मनात थोरलीला शर्यतीतून काढून टाकलं होतं. इथं तिचं पहिल्यांदा चुकलं.

चित्रासाठी माझाच एक झगा ठेवला होता, राजाचा, जाड मखमलीचा. खुर्चीवर टाकलेला, एक बाही जमिनीवर लोळलेली. पोरांनी त्याभोवती बसून दुपारभर काढलं. दुसऱ्या दिवशी माझ्या रंगवलेल्या कापडांच्या दोरीला चिमटे लावून चित्रं टांगली. समोर आईबाप आणि पोरं बसली, कारखानदारही एका खुर्चीवर. मी मशिनवर होते. बटणं लावायची होती, पण एकही लागलं नाही.

तराजूबाई एकेक चित्र उतरवत गेली आणि दोरीवर दोनच उरली. एका चित्रातला झगा चांगलाच होता. पण दुसऱ्यातला! मखमलीला वजन होतं. बाही जिथं जमिनीला टेकली होती तिथं कापड दमून बसल्यासारखं वाटत होतं. हा झगा मी हातानं शिवला आहे, त्याची प्रत्येक चूण मला ठाऊक आहे. त्या चित्रात ती प्रत्येक चूण जागच्या जागी होती. कारखानदार पुढं सरकून बसले. तराजूबाई त्या चित्राजवळ गेली, अगदी नाक लावून तिनं सावलीचं शेडिंग बघितलं, आणि ताठ झाली. मग तिनं हात वर केला आणि तेच चित्र दोरीवरून काढून घेतलं.

राहिलेलं चित्र उलटलं. तिच्या लेकीचं नाव होतं.

टाळ्या झाल्या, पण कशा, तर पाव्हण्यांना पाणी दिल्यासारख्या, रीत म्हणून. मागं कुजबुज सुरू झाली. तराजूबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं हातातलं चित्र उलटलं, थोरलीचं नाव वाचलं, आणि ते छातीशी धरून ती तशीच उभी राहिली. कारखानदार तिच्याशी काही बोलायला गेले तर तिला ऐकूच आलं नाही. इस्त्रीवाला उठला. त्यानं बाईंना नमस्कार केला आणि थोरलीच्या चांगल्या हाताला धरून जिना उतरून गेला.

सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. म्हणाली, "मला वाटलं, ते लेकीचं आहे."

मला आधी कळेचना. मग तिनं समजावलं. उजव्या हातानं काढणाऱ्याच्या शेडिंगच्या रेषा एका बाजूला कलतात, डावखुऱ्याच्या बरोबर उलट्या बाजूला. वर्गात डावखुरी एकच. त्या चित्रात रेषा उलट्या कललेल्या दिसल्या आणि तिला वाटलं की ही आपल्याच लेकीची.

"मग? सगळ्यांत चांगलं तेच होतं ना?"

"होतं."

"मग काढलंस का?"

"माझ्या लेकीचं होतं म्हणून." असं म्हणून ती रडायला लागली. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदा बघत होते आणि मला तिची दया यायच्या आधी राग आला. मी म्हटलं, "रडून काय होणार? उद्या जा आणि निस्तर."

तिनं निस्तरायचा प्रयत्न केला, ते मान्य करायला हवं. सकाळीच ती कारखान्यात गेली आणि झालं ते जसंच्या तसं सांगून आली. कारखानदार म्हणाले, "बाई, मला तुमची नजर हवी होती. तुमच्या मनातली भीती नको होती." पण माणूस भला, थोरलीला घ्यायला तयार झाले. मग आम्ही दोघी इस्त्रीच्या दुकानात गेलो.

दुकान म्हणजे दोन टेबलं आणि एक खिडकी. वाफेनं काच पांढरी झाली होती. बापानं स्टूल पुसून पुढं केलं. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? निरोप धाडला असता तर मी आलो असतो." ती बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. शेवटी म्हणाली, "जागा तुमच्या मुलीची आहे. तिला जाऊ द्या."

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "म्हणजे बाई, चित्र बघून तुम्ही ठरवलं नाही."

"बघितलं. पण मला वाटलं..."

"मी घरी काय सांगितलं होतं, माहीत आहे? बाईंच्या हातून चूक होत नाही, असं सांगितलं होतं. त्या एका गोष्टीवर मी माझ्या बापाशी भांडायला उभा राहणार होतो. काल सगळ्यांसमोर तिचं झालं नाही. घरी सांगून टाकलं, विषय संपला. आता पुन्हा जाऊन काय सांगू? बाईंचं चुकलं? ते म्हणतील, काल चुकलं, मग आज बरोबर कशावरून?"

"आज बरोबर आहे," तराजूबाई म्हणाली.

"असेल. पण तुमच्या शब्दावर आता मला भांडता येणार नाही."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. मी मध्ये पडले, पोरीचं वाटोळं करू नका, असं बरंच काही बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "मावशी, दुसऱ्या टेबलाला मी सकाळी सामान आणलंय." ते सामान खरंच कोपऱ्यात होतं, नवी इस्त्री, खोक्यातून अर्धी बाहेर काढलेली.

थोरली मागं कपडे घडी करत होती. तराजूबाईनं तिला विचारलं, "तुझ्या रेषा उलट्या कशा कललेल्या?"

तिनं पट्टीचा हात वर केला. "हात टेकवता येत नव्हता. तुमच्या लेकीनं सांगितलं, कागद फिरव आणि माझ्यासारख्या रेषा ओढ, म्हणजे कड टेकणार नाही." मग तिनं विचारलं, "बाई, सगळ्यांत चांगलं होतं?"

"हो."

"माझं?"

"तुझं."

तिनं मान हलवली. मग पुढचा शर्ट ओढून घेतला, त्यावर पाणी शिंपडलं आणि डाव्या हातानं इस्त्री उचलली.

आज ते दुकान तीच बघते. माझे नाटकाचे कपडे तिच्याकडेच जातात आणि नीट येतात. चित्र काढतेस का, असं विचारलं की हसून म्हणते, "वेळ कुठंय, मावशी." कारखान्यात त्या वर्षी आमचं कुणीच गेलं नाही. लेकीनं जायला साफ नकार दिला, हिशेबाचं शिक्षण घेतलं आणि दुसऱ्या शहरात नोकरी धरली. तराजूबाईनंही वर्ष संपल्यावर हॉल सोडला. लोकांनी त्याचाही अर्थ लावला, की बघा, चोराच्या मनात चांदणं. तिनं कुणाला खुलासा दिला नाही. मी दे म्हटलं, तर म्हणाली, "काय सांगू? लेकीसाठी केलं नाही, लेकीच्या विरुद्ध करायला गेले, असं?"

मायलेकींमध्ये याबद्दल बोलणं झालं ते माझ्यासमोर, हॉलमध्येच, दुकानातून परत आलो त्या संध्याकाळी. लेक तिचं चित्र न्यायला आली होती. तिला सगळं कळलेलं होतं, थोरलीनंच सांगितलं होतं. तराजूबाईनं तिला विचारलं, "तुझ्या रेषा उजव्या हातासारख्या कशा गं?"

"मीही कागद फिरवला," ती म्हणाली. "महिनाभर घरी सराव केला, तू झोपल्यावर. म्हणून तर थोरलीला सांगता आलं."

"पण का?"

"तू ओळखू नयेस म्हणून. ओळखलंस तर काढून टाकशील, हे मला माहीत होतं."

मी कात्री हातात धरून तशीच बसले.

"आई, ते थोरलीचं चित्र खरंच माझं असतं, तर तू ते काढून टाकलं असतंस ना? सगळ्यांत चांगलं आहे हे दिसत असताना?"

तराजूबाई खोटं बोलायची नाही. ती म्हणाली, "हो."

"आणि मला कधी सांगितलंही नसतंस."

लेकीनं चित्राची गुंडाळी केली, तिला दोरा बांधला. आवाज चढवला नाही की रडली नाही. म्हणाली, "थोरलीला निदान कळलं तरी. मी जन्मभर समजले असते की मीच कमी पडले." आणि गुंडाळी काखेत धरून ती जिना उतरून गेली.